सूर्यापासून वाऱ्यापर्यंत : कोऱ्या नकाशावर पृथ्वीचे वारे कसे मांडावेत

शालेय भूगोलाच्या पुस्तकात ग्रहीय वाऱ्यांची एक ठरावीक आकृती असते. एक वर्तुळ, त्यावर काही आडव्या रेषा आणि रेषांच्या मधल्या पट्ट्यांत तिरके बाण, असे तिचे रूप असते. बहुतेकांनी ती परीक्षेपुरती पाठ केलेली असते आणि परीक्षेनंतर विसरलेली असते, कारण बाण त्याच पट्ट्यात का आणि त्याच दिशेला तिरके का, हे ती आकृती स्वतःहून सांगत नाही. या लेखात तीच आकृती पाठांतराचा आधार न घेता, सूर्याच्या उष्णतेपासून निघून, एकेक पायरी चढत काढण्याची पद्धत दिली आहे. कोणत्या पायरीवर काय मोजावे, नकाशावर काय उमटवावे आणि उमटवलेले बरोबर आहे की नाही याचा पडताळा कसा घ्यावा, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

साहित्य फारसे लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या जगाच्या कोऱ्या नकाशाच्या दोन प्रती, आलेख कागद, साधी पेन्सिल, खोडरबर, लाल व निळी रंगीत पेन्सिल, एक मीटर लांबीची सरळ काठी, मोजपट्टी, टॉर्च, होकायंत्र आणि हलक्या कापडाची एक फीत एवढे पुरते. मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असेल तर ती उपयोगी पडेल. मात्र तिच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते, ती पुढे येईलच.

आरंभीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. वारा उष्णतेमुळे वाहत नाही, उष्णतेतील फरकामुळे वाहतो. संपूर्ण पृथ्वी सारखीच तापली असती, मग ती कितीही तापलेली असो, तर सूर्यामुळे वाहणारा वारा तिच्यावर उरला नसता. त्यामुळे पुढे प्रत्येक पायरीवर 'इथे किती तापले' हा प्रश्न विचारण्याऐवजी 'इथल्यापेक्षा तिथे किती कमी तापले' हा प्रश्न विचारावा.

पहिली पायरी : किरणांचा कोन मोजा

मोकळ्या, सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी आणि दिवसातील सर्वांत आखूड सावलीची लांबी मोजावी. महाराष्ट्रात हा क्षण घड्याळातील बाराला येत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला आहोत. तो साधारण साडेबाराच्या आगेमागे येतो. म्हणून सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी आणि सर्वांत आखूड सावली निवडावी.

पुण्यात २१ डिसेंबरला ही सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३३ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि मे महिन्याच्या मध्याला एका दुपारी ती काठीच्या बुडाशी नाहीशी होते. सावली आणि काठी यांच्या प्रमाणावरून सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढता येते. पुण्यात ती २१ डिसेंबरला सुमारे ४८ अंश असते. लंडनमध्ये राहणाऱ्या वाचकाने त्याच दिवशी हीच काठी उभी केली, तर आकाश निरभ्र असल्यास त्याला सुमारे ३ मीटर ७० सेंटिमीटर लांबीची सावली दिसेल, कारण तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो.

या कोनाचा उष्णतेशी संबंध पाहण्यासाठी आलेख कागदावर टॉर्चचा झोत आधी सरळ आणि मग तिरका पाडावा व उजळलेले चौकोन मोजावेत. झोत कागदाशी ३० अंशांचा कोन करू लागला की तोच प्रकाश जवळजवळ दुप्पट चौकोनांवर पसरतो, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला तो निम्माच येतो. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना काटकोनात धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याकडून सुमारे १३६१ वॉट ऊर्जा येते. ही देणगी सर्वत्र सारखीच आहे. ती किती जमिनीवर पसरते एवढाच फरक आहे. वातावरणाच्या माथ्यावर जमिनीला समांतर धरलेल्या एका चौरस मीटरला २१ डिसेंबरच्या मध्यान्ही पुण्याच्या अक्षवृत्तावर या ऊर्जेचा सुमारे ७४ टक्के वाटा मिळतो, लंडनच्या अक्षवृत्तावर सुमारे २६ टक्के. त्याशिवाय तिरके किरण हवेच्या अधिक जाड थरातून येतात, आणि ताजा बर्फ आलेल्या प्रकाशाचा मोठा हिस्सा परत फेकतो.

दुसरी पायरी : उष्णतेचा जमाखर्च रंगवा

पृथ्वी उष्णता घेते तशी ती अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात टाकतही असते. मात्र टाकलेल्या उष्णतेत विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यात जेवढी तफावत असते, त्याहून घेतलेल्या उष्णतेत फार मोठी तफावत असते. वर्षभराचा हिशेब केला तर दोन्ही गोलार्धांत साधारण ३५ ते ४० अंश अक्षवृत्तांपर्यंत जमा जास्त आणि त्यापलीकडे खर्च जास्त, असे चित्र निघते. नकाशावर दोन्ही बाजूंच्या ३५ अंशांपर्यंतचा पट्टा लाल पेन्सिलने फिकट रंगवावा आणि त्यापुढचा भाग निळा करावा.

आता तर्क करावा. लाल पट्ट्यात दरवर्षी शिल्लक राहत असूनही तो वर्षानुवर्षे अधिकाधिक तापत जात नाही, आणि निळ्या पट्ट्यात दरवर्षी तूट असूनही तो अधिकाधिक गोठत जात नाही. याचाच अर्थ उष्णता लाल भागातून निळ्या भागाकडे वाहून नेली जाते. हे काम हवा आणि समुद्रप्रवाह मिळून करतात, आणि मध्य व उच्च अक्षवृत्तांत त्याचा मोठा भार हवेवर असतो.

या पायरीवर एक गमतीची अडचण येते. २१ जूनच्या संपूर्ण २४ तासांत वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला विषुववृत्तापेक्षा अधिक सौरऊर्जा मिळते, कारण तिथे सूर्य मावळतच नाही. तरीही ध्रुव थंड राहतो, कारण बर्फ बरीच ऊर्जा परावर्तित करतो आणि उरलेलीपैकी पुष्कळशी तो वितळण्यात खर्ची पडते. मात्र उन्हाळ्यात लाल आणि निळ्या भागांतील फरक कमी होतो हे खरे, आणि म्हणूनच उत्तर गोलार्धातील मध्य अक्षवृत्तांवरचे वारे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक जोरकस असतात.

तिसरी पायरी : उष्णतेतून दाब कसा निघतो ते काढा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून येथे घाई करू नये. 'गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी थंड हवा धावत येते' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते साफ चुकीचे नाही, पण त्यात घटनांचा क्रम उलटा-पालटा झाला आहे, शिवाय जमिनीवर कुठेतरी पोकळी निर्माण होते असा भास त्यातून होतो. प्रत्यक्षात पोकळी कधीच होत नाही, आणि पहिली हालचाल बहुधा जमिनीवर नव्हे तर उंचावर होते.

कागदावर शेजारी शेजारी दोन उभे स्तंभ काढावेत. दोहोंत हवेचे वस्तुमान सारखेच आहे असे धरावे, म्हणजे दोहोंच्या तळाशी दाबही सारखाच असेल. तो १०१३ मिलिबार (मिलिबार हे दाब मोजण्याचे एकक) लिहावा. आता डावा स्तंभ तापला असे मानून तो उंच काढावा आणि उजवा थंड झाला असे मानून बुटका काढावा. दोन्ही स्तंभांत जिथे निम्मी हवा खाली आणि निम्मी वर राहते, म्हणजे दाब साधारण ५०० मिलिबार भरतो, तिथे एक आडवी खूण करावी. डावीकडची खूण वर आणि उजवीकडची खाली येईल. खऱ्या वातावरणातही असेच आढळते: ही ५०० मिलिबारची पातळी उष्ण कटिबंधात सुमारे ५.८ किलोमीटर उंचीवर असते आणि हिवाळ्यात ध्रुवाजवळ ती पाच किलोमीटरच्या आसपास उतरते.

आता दोन्ही स्तंभांतून ५.५ किलोमीटर उंचीवर एक सरळ आडवी रेषा मारावी. या रेषेच्या वर डाव्या स्तंभात जास्त हवा उरते आणि उजव्या स्तंभात कमी. म्हणजे तळाशी दाब समान असतानाही त्या उंचीवर उष्ण बाजूला दाब अधिक आणि थंड बाजूला कमी झाला. उंचावरची हवा त्यामुळे उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे सरकू लागते. ती सरकताच उष्ण स्तंभातील एकूण हवा घटते आणि त्याच्या तळाशी दाब उतरतो. थंड स्तंभात हवेची भर पडून तळाशी दाब चढतो. आता कुठे जमिनीलगतची हवा थंडकडून उष्णकडे वाहू लागते. या क्रमाला चार क्रमांक देऊन ते चित्रात लिहावेत: १ तापणे व फुगणे, २ उंचावरून बाहेर वाहणे, ३ जमिनीवर दाब उतरणे, ४ जमिनीलगत आत वाहणे. पुढच्या सर्व पायऱ्यांवर याच चार क्रमांकांकडे परत यावे लागते.

दाबातील फरक किती असावा लागतो, याचा अंदाज असावा. शंभर किलोमीटर अंतरात अवघ्या एका मिलिबारचा फरक असेल आणि दुसरा कोणताही अडथळा नसेल, तर स्थिर हवा तीन तासांत ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग घेईल. एवढ्याशा फरकावर एवढा वारा सुटतो.

चौथी पायरी : समुद्रकिनाऱ्यावर पडताळा घ्या

पृथ्वीच्या नकाशाला हात लावण्यापूर्वी हा क्रम लहान प्रमाणात डोळ्यांनी पाहणे चांगले, आणि त्यासाठी कोकण व गोव्याच्या किनाऱ्यासारखी सोयीची जागा नाही. डिसेंबर ते मार्च हे महिने निवडावेत, कारण पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारा एवढा जोरदार असतो की किनाऱ्याचा स्वतःचा वारा त्यात ओळखू येत नाही. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, मिरामार किंवा मुंबईत जुहू, कुठेही चालेल. काठीच्या टोकाला फीत बांधून सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि सायंकाळी ७ वाजता वाऱ्याची दिशा होकायंत्राने नोंदवावी. वारा ज्या दिशेकडून येतो ती त्याची दिशा, हे विसरू नये. फीत ज्या बाजूला फडकते त्याच्या उलट बाजू लिहायची.

पहाटे व सकाळी फीत समुद्राकडे झुकलेली दिसते. हा जमिनीवरून येणारा मतलई वारा. दहा-अकराच्या सुमारास ती काठीला चिकटून लोंबकळते आणि जीव घुसमटतो. त्यानंतर ती जमिनीकडे फडकू लागते; हा समुद्रावरून येणारा खारा वारा. शिडाची होडी पहाटेच्या मतलईवर बाहेर काढायची आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत आणायची, हे मच्छीमारांचे वेळापत्रक याच पालटावर बसवलेले होते. जमीन उष्णता वरच्या पातळ थरातच साठवते म्हणून ती भराभर तापते आणि भराभर निवते. पाण्याची उष्णताधारकता जमिनीपेक्षा कितीतरी जास्त, त्यात लाटांमुळे ती उष्णता कित्येक मीटर खोल मिसळते, म्हणून समुद्राचे तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. मुंबईत मार्चमध्ये खारा वारा दुपारी उशिरा स्थिरावला की त्या दिवशी पारा हमखास चढतो, आणि हवामान खात्याच्या निवेदनांत तापलेल्या दिवसाचे कारण म्हणून याचा उल्लेख वारंवार येतो.

नोंदवहीत आणखी एक गोष्ट सापडेल. दुपारी एकला पश्चिमेकडून येणारा वारा संध्याकाळपर्यंत वायव्येकडे सरकलेला असतो, म्हणजे वाहण्याच्या दिशेच्या उजवीकडे वळलेला असतो. तो तसा का वळतो, हे सहाव्या पायरीवर येईल.

आता मोबाइलच्या वायुभारमापकाविषयी. दुपारी चारच्या सुमारास दाब सकाळी दहापेक्षा दोन-तीन मिलिबारने कमी दिसेल आणि तो खाऱ्या वाऱ्यामुळे उतरला असे वाटेल. तसे समजू नये. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या आसपास तो अधिक असतो, पहाटे व दुपारी चारच्या आसपास कमी. वातावरणाच्या वरच्या थरांतील ओझोन आणि खालच्या थरांतील बाष्प सूर्यप्रकाश शोषून घेतात, त्यामुळे उठणारी ही संपूर्ण वातावरणाची भरती-ओहोटी आहे आणि ती किनाऱ्यावर व सोलापुरात सारखीच दिसते. किनाऱ्याच्या वाऱ्याचा दाब पाहायचा असेल तर किनारा आणि ३०-४० किलोमीटर आतले गाव यांची एकाच वेळची नोंद घेऊन, दोन्ही ठिकाणांच्या उंचीतील फरक वजा करून तुलना करावी लागते.

पाचवी पायरी : स्थिर पृथ्वीचे चित्र काढा

तिसऱ्या पायरीतील डावा स्तंभ विषुववृत्तावर ठेवावा आणि उजवा ध्रुवावर. पृथ्वी फिरत नाही असे धरले तर हवा विषुववृत्तावर चढेल, उंचावरून ध्रुवाकडे जाईल, तिथे उतरेल आणि जमिनीलगत परत येईल; प्रत्येक गोलार्धात एकच मोठे चक्र. ते पेन्सिलने हलकेच काढावे, कारण ते लवकरच खोडायचे आहे.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये व्यापारी वाऱ्यांचा (विषुववृत्ताकडे कायम वाहणाऱ्या वाऱ्यांचा) व मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि सूर्याची उष्णता हे त्यांचे कारण सांगितले. पण व्यापारी वारे सरळ उत्तरेकडून न येता ईशान्येकडून का येतात, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. ते १७३५ मध्ये लंडनचे वकील जॉर्ज हॅडली यांनी दिले, आणि त्यासाठी त्यांनी पृथ्वी फिरवली.

सहावी पायरी : पृथ्वी फिरवा

विषुववृत्तावरील जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरत असते. ३० अंश अक्षवृत्तावर वर्तुळ लहान असल्याने हा वेग ताशी सुमारे १४४६ किलोमीटर होतो. उत्तरेकडून विषुववृत्ताकडे येणारी हवा आपला कमी वेग बरोबर घेऊन येते, खालची जमीन तिच्यापुढे पूर्वेला पळते, आणि म्हणून वारा पूर्वेकडून आल्यासारखा लागतो. हॅडली यांचा हा विचार दिशेपुरता बरोबर होता, पण हिशेबात कमी पडणारा होता. उलट दिशेने, विषुववृत्तावरून ३० अंशांपर्यंत जाणाऱ्या हवेचे उदाहरण घ्यावे. वेग तसाच राहतो असे धरले तर ती तिथल्या जमिनीच्या तुलनेत ताशी २२४ किलोमीटरने पूर्वेकडे वाहील. पण हवा अक्षाजवळ येत असल्यामुळे प्रत्यक्षात तिचा कोनीय संवेग (अक्षाभोवती फिरण्याचा वेग, वस्तुमान आणि अक्षापासूनचे अंतर यांचा गुणाकार) कायम राहतो, वेग नव्हे. त्या हिशेबाने हा आकडा ताशी सुमारे ४८० किलोमीटर होतो. उंचावरून ध्रुवाकडे निघालेली हवा ध्रुवापर्यंत का पोहोचत नाही, याचे बीज या आकड्यात आहे. एवढ्या वेगाचा प्रवाह स्थिर राहूच शकत नाही. त्यात मोठमोठ्या लाटा उठतात आणि तो मोडतो. शिवाय वाटेत उष्णता बाहेर टाकत ती हवा थंड झालेली असते. परिणामी ती साधारण ३० अंशांजवळ खाली उतरू लागते.

फिरणाऱ्या पृथ्वीचा हा परिणाम पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या हवेवरही होतो, हे हॅडली यांच्या मांडणीत नव्हते. गास्पार कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांसाठी त्याचे गणित मांडले, आणि अमेरिकेतील शाळाशिक्षक विल्यम फेरेल यांनी १८५६ मध्ये ते पृथ्वीच्या वाऱ्यांना लावले. नकाशासाठी नियम एवढाच: उत्तर गोलार्धात वारा वाहण्याच्या दिशेच्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे, विषुववृत्तावर हा परिणाम शून्य आणि ध्रुवांवर सर्वाधिक. मुंबईच्या अक्षवृत्तावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहणारी हवा तासाभरात या परिणामामुळे सुमारे तीन किलोमीटर बाजूला सरकते. संध्याकाळचा खारा वारा वायव्येकडे का सरकतो, हे यावरून कळावे. बेसिनमधील पाणी कोणत्या बाजूने फिरत खाली जाते याच्याशी मात्र या परिणामाचा काहीही संबंध नाही. तेवढ्याशा अंतरात आणि वेळात तो जाणवत नाही, कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी.

सातवी पायरी : पट्टे भरा

आता पाचव्या पायरीतील एकच मोठे चक्र खोडावे. विषुववृत्तावर 'कमी दाब', दोन्ही बाजूंना ३० अंशांवर 'जास्त दाब', ६० अंशांवर 'कमी दाब' आणि ध्रुवांवर 'जास्त दाब' असे लिहावे. प्रत्येक जास्त दाबाकडून कमी दाबाकडे बाण काढावा आणि उत्तर गोलार्धात तो उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे झुकवावा. ३० अंशांवरून विषुववृत्ताकडे निघालेले बाण उत्तरेत ईशान्येकडून आणि दक्षिणेत आग्नेयेकडून येतात. हे व्यापारी वारे. ३० वरून ६० कडे जाणारे बाण नैऋत्येकडून आणि वायव्येकडून येतात. हे पश्चिमी वारे. ध्रुवाकडून येणारे पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला समोरून लागतात. हे ध्रुवीय वारे.

३० अंशांजवळ उतरणारी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअसने तापते. त्यामुळे ढग विरतात, आणि सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग अशी वाळवंटे याच पट्ट्यात सापडतात.

इथे आकृतीविषयी एक तक्रार नोंदवली पाहिजे. अनेक पुस्तकांत प्रत्येक गोलार्धात तीन सारखी चक्रे एकमेकांना खेटून दाखवलेली असतात, जणू तिन्ही एकाच तऱ्हेने चालतात. विषुववृत्ताजवळचे चक्र खरोखर उष्णतेवर चालते. तिसऱ्या पायरीचे चारही क्रमांक तिथे लागू पडतात. मधल्या चक्रात मात्र तुलनेने उष्ण भागात हवा उतरते आणि तुलनेने थंड भागात चढते, म्हणजे ते क्रम उलटा करून चालते. त्याला चालवणारे बळ उष्णतेच्या थेट चक्रातून येत नाही. ते पश्चिमी वाऱ्यांत भोवऱ्यांसारखी येत-जात राहणारी आवर्ते (कमी दाबाभोवती फिरणारे वारे) आणि प्रत्यावर्ते (जास्त दाबाभोवती फिरणारे वारे) पुरवतात. उष्णता ध्रुवांकडे नेण्याचे मोठे कामही तीच करतात: पुढच्या अंगाने उबदार हवा ध्रुवाकडे आणि मागच्या अंगाने थंड हवा विषुववृत्ताकडे. म्हणून नकाशावर व्यापारी वाऱ्यांचे बाण सरळ काढावेत आणि पश्चिमी वाऱ्यांचे नागमोडी. याच पट्ट्यांत ९ ते १२ किलोमीटर उंचीवर वेगवान पश्चिमी झोतवारे असतात, आणि मुंबईहून लंडनला जाताना विमानाला परतीच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

या नकाशाची परीक्षा खलाशांनी विज्ञानाच्या आधीच घेतलेली होती. कोलंबस १४९२ मध्ये व्यापारी वाऱ्यांवर अटलांटिक ओलांडून गेला आणि परतताना उत्तरेला सरकून पश्चिमी वाऱ्यांवर आला. डच दर्यावर्दी हेन्ड्रिक ब्रॉवर याने १६११ मध्ये केप ऑफ गुड होपपासून थेट जावाकडे न वळता आधी दक्षिणेला उतरून 'गरजणारे चाळीस', म्हणजे ४० ते ५० अंश दक्षिण अक्षवृत्तांमधले जोरदार पश्चिमी वारे, पकडले आणि प्रवासाचे महिने वाचवले. दक्षिणेत त्या अक्षवृत्तांवर वाऱ्याला अडवणारी जमीन जवळजवळ नाहीच.

आठवी पायरी : दुसऱ्या प्रतीवर जमीन आणि ऋतू आणा

आतापर्यंतचा नकाशा सर्वत्र सारखा पृष्ठभाग असलेल्या पृथ्वीचा होता. दुसऱ्या प्रतीवर जुलै महिना मांडावा. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जिथे मिळतात तो पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो. महासागरांवर तो विषुववृत्तापासून फार दूर जात नाही, पण दक्षिण आशियात तो थेट गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. ही रेषा लाल रंगाने काढावी. राजस्थान आणि पाकिस्तानच्या सीमाभागावर 'कमी दाब' लिहावे. जुलैत तिथे तो हजार मिलिबारच्या खाली असतो. मादागास्करच्या पूर्वेला, दक्षिण हिंदी महासागरात 'जास्त दाब' लिहावे. मग तिथून निघणारा आग्नेय व्यापारी वारा पेन्सिलने उत्तरेकडे न्यावा. विषुववृत्त ओलांडताच वळण्याची बाजू बदलते: आतापर्यंत डावीकडे वळणारा वारा आता उजवीकडे वळतो, आणि त्याचा नैऋत्य मोसमी वारा होतो. पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेश त्याला पश्चिमेला सांडू देत नाही, म्हणून सोमालियाच्या किनाऱ्यालगत साधारण दीड किलोमीटर उंचीवर तो एका अरुंद, वेगवान झोतात एकवटतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्या सह्याद्रीवर आदळतो.

मोसमी वारा म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा खारा वारा, असे अनेकदा शिकवले जाते. हे अर्धेच खरे आहे. तसे असते तर जमीन सर्वाधिक तापते त्या मे महिन्यात तो सर्वांत जोरदार असायला हवा होता आणि पावसाने जमीन निवताच तो थांबायला हवा होता. प्रत्यक्षात जुलैत जमीन मेपेक्षा थंड असते आणि वारा मात्र भरात असतो. उत्तर पावसातच आहे. एका चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे १०० लिटर पाणी पडणे. ते बाष्पातून द्रवात येताना वर हवेत सुमारे २५ कोटी ज्यूल उष्णता सोडून आलेले असते. मे महिन्यातील निरभ्र दिवशी त्याच चौरस मीटरला दिवसभरात सूर्याकडून सुमारे अडीच कोटी ज्यूल मिळतात. म्हणजे मुसळधार पावसाचा एक दिवस वरच्या हवेला उन्हाच्या दहा दिवसांइतके तापवतो. ही उष्णता कुठून आली? अफाट पसरलेल्या समुद्रावर पडलेल्या उन्हाने ती बाष्पाच्या रूपात साठवली, वाऱ्याने ती गोळा करून आणली आणि आपल्या डोक्यावर सोडली. उन्हाने तापलेली जमीन यंत्र सुरू करते. ते चार महिने चालवतो तो पाऊस. त्याला तिबेटच्या पठाराचीही जोड आहे, कारण सरासरी साडेचार किलोमीटरहून उंच असलेली ती जमीन थेट मधल्या थरांतील हवेला तापवते.

हिवाळ्याचा नकाशा हवा असेल तर सायबेरियावर 'जास्त दाब' लिहून बाण उलटे करावेत. हिमालय तिथली अतिथंड हवा अडवतो, म्हणून आपल्याला ईशान्येकडचा सौम्य, कोरडा वारा लागतो. तोच बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन ऑक्टोबर ते डिसेंबरात तमिळनाडूला पाऊस देतो.

उष्णतेतील फरक केवळ उत्तर-दक्षिण असतो असेही नाही. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात पश्चिमेला इंडोनेशियाजवळ पाणी उबदार आणि पूर्वेला पेरूजवळ थंड असते, त्यामुळे तिथे पूर्व-पश्चिम चक्र चालते. भारतीय हवामान खात्याचे १९०४ ते १९२४ या काळातील महासंचालक गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत दूरदूरच्या दाबनोंदींची सांगड घातली, आणि आज ते चक्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. एल निनोच्या वर्षी पाण्यातील हा फरक मावळतो, चक्र मंदावते आणि आपल्याकडे पावसाची चिंता सुरू होते.

नववी पायरी : तयार नकाशा पडताळून पाहा

पहिला पडताळा गच्चीवर घेता येतो. डच शास्त्रज्ञ बायस बॅलट यांनी १८५७ मध्ये सांगितलेला नियम असा: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास डाव्या हाताला कमी दाब असतो. जुलैत, भोवती उंच इमारती नसतील अशा ठिकाणी, वाऱ्याकडे पाठ करावी. तोंड ईशान्येकडे होईल आणि डावा हात वायव्येकडे जाईल. जमिनीच्या घर्षणामुळे वारा थोडा कमी दाबाकडे झुकतो, म्हणून हात किंचित पुढे न्यावा. आठव्या पायरीत 'कमी दाब' लिहिलेला प्रदेश आणि गंगेच्या मैदानावरची लाल रेषा त्याच बाजूला आहेत का, हे नकाशावर पाहावे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतावरून सरकत असेल, तेव्हा हाच प्रयोग रोज एकदा केला तर हाताची दिशा दिवसागणिक बदलताना दिसते.

दुसरा पडताळा 'विंडी'सारख्या संकेतस्थळावर घ्यावा, जिथे जगभरचे वारे वेगवेगळ्या उंचींवर पाहता येतात. तिथे आधी पृष्ठभागाची पातळी निवडून पहिल्या नकाशातील पट्टे शोधावेत. दक्षिण महासागरात ते सर्वांत स्वच्छ दिसतात आणि उत्तरेत खंडांमुळे तुटक. मग ८५० मिलिबारची, म्हणजे साधारण दीड किलोमीटरची पातळी निवडून सोमालियाचा झोत पाहावा. शेवटी १५० मिलिबारच्या आसपासची पातळी निवडावी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दक्षिण भारतावर वारा चक्क पूर्वेकडून पश्चिमेकडे धावताना दिसेल. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेला हा पूर्वेकडचा उष्ण कटिबंधीय झोत म्हणजे तिसऱ्या पायरीतील क्रमांक दोन होय: तापून फुगलेल्या स्तंभाच्या माथ्यावरून बाहेर पडून दक्षिणेला निघालेली आणि वाटेत उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळलेली हवा. पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी तो संगणकाविना दिसू शकतो. खालचे काळे ढग पश्चिमेकडून येत असताना त्यांच्या फटींतून दिसणारे उंच, पिसांसारखे पांढरे ढग निवडावेत, त्यांची जागा एखाद्या खांबाच्या किंवा इमारतीच्या कडेशी जुळवून घ्यावी आणि ते कोणत्या बाजूला सरकतात ते पाच-दहा मिनिटे पाहून दुसऱ्या नकाशावर त्यांचा बाण वेगळ्या रंगाने काढावा.